चूल कोणत्या हाताला?

आमच्या आश्रमशाळेच्या अधीक्षिका मॅडममुळे मी वाचले. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, याच बाईमुळे तर तुझी शाळा सुटली. तेही खोटं नाही. पण वाचले ते आधी, शाळा सुटली ती नंतर, आणि दोन्हींचा क्रम मी कधी उलटा होऊ देत नाही. मॅडमचं नाव मला पाठ आहे. त्यांना न विचारता ते कागदावर आणणं बरं दिसत नाही, म्हणून इथं नुसतं मॅडम म्हणते. आम्ही मुलीही तेच म्हणायचो. बाकी सगळ्या शिक्षिका ‘बाई’ होत्या, मॅडम एकच.

शाळा सुरगाण्याच्या बाजूला, डोंगराच्या पोटाशी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. गुरुजी वर्गात शिकवायचे आणि वर्ग सुटले की ज्याच्या त्याच्या खोलीवर जायचे. त्यानंतर आमचं जेवण, दुखणंखुपणं, झोपणं बघायला अधीक्षक. मॅडमच्या आधी एक वयस्कर अधीक्षक होते. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून तंबाखू मळायचे आणि सगळ्यांना ‘बाळ’ म्हणायचे.

शाळेला फाटक होतं, म्हणजे दोन खांब होते. मधे काही नव्हतं. कुंपण काट्याकुट्यांचं, ते दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी चुलीत जायचं आणि पावसाळ्याआधी पुन्हा घालायचे. गुरं आत यायची, फेरीवाला आत यायचा, रस्त्यानं जाणारा कुणीही हापशावर पाणी प्यायला यायचा आणि पाणी पिऊन झालं तरी बसून राहायचा. मुलींच्या न्हाणीला दार नव्हतं, गोणपाट होतं. एकीनं आंघोळ करायची आणि दुसरीनं गोणपाटाची दोन टोकं धरून, तोंड बाहेर करून उभं राहायचं. वारा असला की दोघी लागायच्या.

याला कुणी असुरक्षित वगैरे म्हणत नव्हतं. तो शब्द मी शहरात आल्यावर ऐकला.

आणि मामा. आमच्याकडं आईच्या पाड्यावरचा प्रत्येक पुरुष हा मामा. सख्खा, चुलत, गावकीतला, सगळे मामाच. भात-नागली घरात आली की मोठी माणसं डोंगर उतरून दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जायची, ती शिमग्याला वर यायची. मधल्या काळात पोर घरी न्यायला बाप कुठून येणार? मग एखादा मामा जीपमधून उतरायचा आणि दोन खांबांमध्ये उभा राहून म्हणायचा, “आमच्या बहिणीची पोर धाडा.” अधीक्षक ओट्यावरून हाक मारायचे, “बाळ, मामा आलाय गं. जा.” इतकंच. आम्हीही पळत सुटायचो. मामा म्हणजे बाजारातली शेव, मामा म्हणजे देवांचे मुखवटे घालून नाचायचा बोहाडा, मामा म्हणजे दोन दिवस पाढे नाहीत.

कधीकधी एखादी मुलगी परत यायची नाही. तिचं लग्न लागलं असेल, कामावर गेली असेल, असं म्हणायचे. तिची पत्र्याची पेटी कोपऱ्यात सरकवायचे आणि तिच्या जागी दुसरी झोपायची. मी स्वतः अशा एका जागेवर दोन वर्षं झोपले. तिथं आधी कोण होतं, हे मला माहीत नव्हतं.

मॅडम नाशिकहून आल्या. बारीक अंगाच्या, स्वेटर घातलेल्या, आवाज मात्र हापशाच्या दांड्यासारखा करकरीत. पालीला घाबरायच्या. आम्ही त्यावरून हसायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोपऱ्यातल्या पेट्या मोजल्यासारख्या बघितल्या आणि विचारलं, “ह्या कुणाच्या?”

कुणाला धड सांगता येईना. एक मोठी मुलगी म्हणाली, “गेलेल्या पोरींच्या.”

“कुठं गेलेल्या?”

“मामाकडं.”

मॅडमनी एका पेटीवरची धूळ हातानं पुसली. पेट्या हलवायच्या नाहीत, एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनी न्हाणीला दार लावायला सुतार बोलावला. सुतार आमच्याच बाजूचा. त्यानं दिवसभर खपून सागाची चांगली फळी बसवली, कडी ठोकली आणि मॅडमना दाखवायला बोलावलं. कडी बाहेरून होती.

“अहो, आतून हवी,” मॅडम म्हणाल्या.

“आतून?” सुतार हसला. “मॅडम, आत मानूस असल्यावर कडी कशाला? मानूस हायच की राखणीला.”

त्याची चूक नव्हती. आमच्या घरांना कडी बाहेरूनच असते. माणसं रानात गेली की कुत्री-वासरं आत शिरू नयेत म्हणून. घरात माणूस असताना दार लावून घेणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान. मॅडमनी त्याला कडी काढून आतून ठोकायला लावली. बाहेरच्या बाजूला खिळ्यांची भोकं राहिली, त्यातून उजेड यायचा. पहिल्यांदा आत जाऊन मी कडी लावली आणि मला इतकी भीती वाटली, की मी आंघोळ न करताच बाहेर आले. पुढं सवय झाली. इतकी, की आता ज्या घरात आतून कडी नाही तिथं मला डोळा लागत नाही.

दोन खांबांमध्ये आडवा बांबू आला, त्यामागं मॅडमची खुर्ची. आणि मामा लोकांची परीक्षा सुरू झाली. मामा आला की त्याला बांबूच्या बाहेर दगडावर बसवायचं. मुलीला बोलवायचं, पण तिनं मॅडमच्या पाठीमागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. मग मॅडम विचारायच्या, “हिच्या घरात शिरलं की चूल कोणत्या हाताला?”

मामा म्हणवतोस तर बहिणीकडं जेवला असशील, आणि जेवला असशील तर चुलीपुढं बसूनच, असा त्यांचा हिशेब. उत्तर बरोबर की चूक, ते त्या मागं न वळता आमच्या हातावरून ओळखायच्या. बरोबर असेल तर आम्ही त्यांच्या पाठीला एकदा बोट लावायचं.

लोकांना हे लागलं. लागणारच. एका म्हाताऱ्यानं तर सरळ सुनावलं, “बाई, आमच्या घरात एका हाताला बैल बांधलाय, दुसऱ्या हाताला म्हातारी. चूल ऱ्हायली मधी. आता कंचा हात सांगू?” सगळे हसले, मॅडमही हसल्या, पण बांबू उचलला नाही. त्याच्या नातीनं बोट लावलं तेव्हाच उचलला. बाजारच्या दिवशी जीपमधल्या बाया जाता जाता ओरडायच्या, “मॅडम सोयरीक जमवाया बसल्यात जनू.” कुणी म्हणायचं, नाशकाची बाई आम्हाला आमची नाती शिकवते. ते ऐकून मलाही वाईट वाटायचं. मामाला दगडावर बसवायचं, म्हणजे मामाला नाही, आईलाच दगडावर बसवल्यासारखं.

त्या वर्षी मी सातवीत होते. आईबाप मळ्यात गेलेले. थंडीचे दिवस, दुपारची वेळ, वर्ग सुटलेले. काळी-पिवळी जीप येऊन थांबली आणि माझा मामा उतरला. माझा खरा मामा, आईच्या पाठचा भाऊ. मी लहान असताना मला खांद्यावर बसवून नदी ओलांडणारा.

तो आपणहोऊन दगडावर बसला. “विचारा,” म्हणाला. “चूल डाव्या हाताला. कणगीच्या आडोशाला. कणगीला खाली ठिगळ हाय, ते म्याच लावलंय. आनखी काय सांगू?”

मी बोट लावलं.

“आज मधेच कसे आलात?” मॅडमनी विचारलं.

“बहीण लय आजारी हाय. पोरीचं नाव घेती. पोचवतो आन् आनून सोडतो.”

मी बांबूखालून वाकून जायलाच निघाले होते. मॅडमनी न बघता मागं हात करून माझं मनगट धरलं. तेव्हा त्यांचं लक्ष मामाकडं नव्हतं. जीपकडं होतं. मागच्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या, एक माझ्याएवढी, एक त्याहून लहान. लहानीच्या अंगावर दुसऱ्या कुठल्या तरी शाळेचा निळा फ्रॉक होता. दोघी समोर बघत होत्या, आमच्याकडं नाही.

“ह्या कोण?”

“ह्याबी खालीच चालल्या.”

“ह्यांचीही आई आजारी?”

जीपवाला फसकन हसला. मामानं त्याच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. मॅडम माझ्याकडं वळल्या. आत्तापर्यंत त्यांनी कधी कुठल्या मुलीला बोलायला लावलं नव्हतं. त्यांनी विचारलं, “तुला जायचंय यांच्यासोबत?”

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. जायचंय का, जेवायचंय का, शाळेत घालू का, काहीच नाही. विचारायची पद्धतच नव्हती. मामा आला की जायचं असतं. जायचंय का म्हणजे काय? मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. आई आजारी आहे, जायलाच हवं, असं डोक्यात, आणि त्या निळ्या फ्रॉकवाल्या मुलीनं एकदाही मान का वळवली नाही, असंही डोक्यात.

“ठीक,” मॅडम मामाला म्हणाल्या. “मी येते हिच्यासोबत. तिच्या आईला बघू, दवाखान्यात न्यायचं असेल तर नेऊ. थांबा, चप्पल घालून येते.”

“जीपमधी जागा नाय,” मामा म्हणाला.

हे वाक्य मी आजही ऐकते. जे आमच्या बाजूचे नाहीत त्यांना सांगायला हवं. आमच्या रस्त्यावरच्या जीपला जागा नाही असं कुणी कधी म्हणत नाही. बाकावर माणसं, माणसांच्या मांडीवर माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं, ड्रायव्हरच्या उजव्या हातालासुद्धा एक माणूस. त्यात कोंबड्या. त्यात नागलीची पोती. कुणी हात केला की जीप थांबते आणि ड्रायव्हर म्हणतो, “सरका रे.” मॅडम स्वतः त्याच जीपमधून लोंबकळत ये-जा करायच्या. आणि ही जीप निम्मी रिकामी होती.

मला कळलं. मामाला कळलं की मला कळलं. त्याचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही, त्याची बहीण अजून आहे.

मॅडम बांबू ओलांडून थेट जीपच्या मागं गेल्या. त्या मुलींना म्हणाल्या, “उतरा गं. तुमची शाळा कोणती? उतरा खाली.” मोठीनं ओठ हलवले असं मला वाटलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी चालू केली, मामा पळत जाऊन पुढं बसला, आणि मॅडम मागच्या फळीला धरून थोडं पळाल्या. मग हात सुटला. त्या रस्त्यात गुडघ्यावर पडल्या. हात झटकून उठल्या आणि ओट्यावर आलेल्या गुरुजींना म्हणाल्या, “कुणीतरी फोन करा.” फोन सुरगाण्याला होता. गुरुजींनी सायकल काढली. जीपच्या मागं सायकल.

त्या दोघी वीटभट्टीवर गेल्या, गुजरातेत. हे पुढं कळलं. मोठी नंतर परत आली म्हणतात, बोलत नाही. लहानीचं मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही असं नाही, मी खूप जणांना विचारलं. निळ्या फ्रॉकची मुलगी, एवढंच मला तिच्याबद्दल सांगता यायचं.

त्या दिवशी मी वाचले असं सगळे म्हणत होते आणि मी रडत होते, कारण आई खरंच आजारी असली तर? खोटं बोलणारा माणूस सगळंच खोटं बोलतो असं थोडंच आहे? मॅडमनी मला समजावलं नाही. उजाडल्यावर मला एसटीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. डाव्या गुडघ्याला पट्टी होती. वाटेत उलटी झाली ती मला नाही, त्यांनाच. घाट उतरताना त्या खिडकीला डोकं लावून बसलेल्या आणि त्यांचा रुमाल मी धरलेला.

मळा शोधायला दुपार झाली. आई वेलींच्या खाली हात वर करून द्राक्षाच्या घडांची विरळणी करत होती. घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे, म्हणजे उरलेले मोठे होतात. दिवसभर मान वर, हात वर. ठणठणीत होती. मला आणि मॅडमना बघून तिच्या हातातली कात्री पडली.

“कोन गेलं?” हेच पहिलं बोलली.

कुणी गेलं नाही, हे तिला पटवायला वेळ लागला. मग मॅडमनी सगळं सांगितलं. हळू, नीट, एकही वाकडा शब्द न वापरता. मजुरांच्या शेडपुढं आम्ही बसलो होतो, बाकीच्या बाया हात थांबवून ऐकत होत्या. बापही आला. तो उभाच राहिला.

आई म्हणाली, “माझा भाऊ असं नाय करायचा.” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. आणि ते म्हणताना तिनं माझं मनगट इतकं आवळलं, की तिच्या बोटांवरचा हिरवा चीक माझ्या हाताला लागला.

बाप मॅडमना म्हणाला, “तुम्ही माज्या मेव्हन्याला धा मानसांत चोर ठरवला.”

“मी कुणाला काही ठरवलं नाही. मुलगी तुमच्यापुढं आणून उभी केली.”

“ऱ्हाऊ द्या मग हितंच. आता डोळ्यापुढं ऱ्हाईल.”

“सातवी पूर्ण होऊ द्या निदान,” मॅडम म्हणाल्या. “तिथं आता दार आहे, फाटकावर मी बसते. शाळेत ती सुरक्षित आहे.”

बापानं डोक्याचं फडकं काढून झटकलं. तो रागात नव्हता, हे मला नंतर खूप वर्षांनी कळलं. तो घाबरला होता. म्हणाला, “तुम्ही हाय म्हनून. उद्या तुमची बदली झाली, मंग?”

एवढ्या करकरीत आवाजाची बाई, पण त्यांच्याकडं याचं उत्तर नव्हतं. मीही त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं. ‘माझी बदली होणार नाही’, एवढंच म्हणाल्या असत्या तर बापानं धाडलं असतं. त्या बोलल्या नाहीत.

निघताना त्यांनी शेडकडं बघितलं. प्लास्टिकचा कागद, चार बांबू. दारच नव्हतं, तर कडी कुठली? मला म्हणाल्या, “जिथं राहशील तिथं आधी आतली कडी बघ.” मग आईला नमस्कार केला आणि बांधावरून लंगडत रस्त्याकडं गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी बघत राहिले. आईनं माझ्या हातात कात्री दिली आणि कुठले मणी काढायचे ते दाखवलं.

माझी पेटी शाळेतच राहिली. कोपऱ्यात गेली असेल. पण ती कुणाची आहे हे मॅडमना माहीत होतं, एवढं मी मनाला सांगायचे.

शिमग्याच्या आधी मामा शेडवर आला. शेव घेऊन आला. “रागावली का गं?” म्हणाला. आईनं त्याला जेवायला वाढलं. त्या जीपचं कुणी बोललं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माझ्या लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो तसा तोच उभा राहिला. त्याचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून मी थरथरतेय.

लग्नानंतर नाशिकला आले. नवरा सातपूरला कंपनीत हेल्पर. शहर मला कधी अंगाला लागलं नाही. घरी जायचं तर एक एसटी आणि दोन जीपा, आणि पाड्यावर पोचलं की तिथलेच विचारतात, “पाहुणी कधी आली?” मधली काही वर्षं कामं बदलत गेली. मग ओळखीच्या एका बाईनं मला शाळेत मावशी म्हणून लावलं. मोठी शाळा, इंग्रजी माध्यमाची. दगडी भिंत, लोखंडी फाटक, शिट्टीवाला वॉचमन, पोरांच्या गळ्यात ओळखपत्रं. पुढं कॅमेरेही आले. संडासाच्या सगळ्या दारांना आतून कडी. पहिल्या दिवशी मी एकेक दार उघडून बघितलं. दुसरी मावशी म्हणाली, “काय गं, तपासणीला आलीस का कामाला?”

पोरं सुटायच्या वेळी मला फाटकावर उभं करतात, लहान वर्गांसाठी. रिक्षावाले काका, व्हॅनवाले काका, आज्या, आजोबा. सगळे काका. आमच्याकडं सगळे मामा, इथं सगळे काका. एकदा पहिलीतल्या मुलाला न्यायला एक नवीनच माणूस आला, स्कूटरवर. म्हणाला, “मी सख्खा काका. वहिनींना यायला जमलं नाही.” मूल न्यायचा शाळेचा पास आणला नव्हता. वॉचमन चहाला गेलेला. मला काही सुचेना आणि तोंडातून निघून गेलं, “तुमच्या घरात शिरलं की गॅस कोणत्या हाताला?”

तो बघतच राहिला. “मावशी, मी काय गॅसवाला आहे का?”

मागच्या बाया हसल्या. त्याला खरंच सांगता येईना. जिना, हॉल, पॅसेज, असं हातवारे करत शोधायला लागला. स्वयंपाकघरात तो कधी गेलाच नसावा. मुलगा मात्र उड्या मारत होता, “काका, काका.” मी मुलापुढं वाकून विचारलं, “जायचंय यांच्यासोबत?” त्यानं माझा हात सोडला आणि पळाला. तरी मी ऑफिसातून त्याच्या आईला फोन लावून घेतला आणि मगच फाटक उघडलं. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, “मावशी, जरा जास्तच होतं हं तुमचं.” असेल. मी मान हलवली.

चुलीचा प्रश्न शहरात चालत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडंही तो चालला नव्हता. मामाला सगळं बरोबर माहीत होतं, कणगीचं ठिगळसुद्धा. भिंत, फाटक, ओळखपत्र, ही सगळी परक्या माणसासाठी आहेत. मला न्यायला आलेला माणूस परका नव्हता. त्या दिवशी कामाला आला तो शेवटचा प्रश्न, ‘तुला जायचंय?’, आणि त्यालाही मी उत्तर दिलं नव्हतं. माझ्या गप्प बसण्याकडं कुणीतरी थांबून बघितलं, म्हणून वाचले. भिंत थांबून बघत नाही. त्याला माणूस लागतो, आणि माणसाची बदली होते.

मॅडमची झाली. बापाचं खरं ठरलं. दोनच वर्षांत त्यांना तिथून दुसरीकडं टाकलं. आमच्या बाजूची एक मुलगी इथं शिकायला आली आहे, तिच्याकडून कळलं. न्हाणीची दारं आहेत म्हणाली. बांबू गेला, पक्कं फाटक आलं. पण फाटकावर कोण बसतं, हे विचारलं तर तिला सांगता येईना. “कुनीच नाय बसत. उघडंच असतं,” म्हणाली. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. इथं भिंतीच्या आत एवढी माणसं, कॅमेरे, शिट्ट्या. तिथं उघडं फाटक आणि काळी-पिवळी जीप.

मॅडम आता निवृत्त झाल्या असतील. त्यांचं घर नाशकातच, पंचवटीच्या बाजूला कुठंतरी, असं एकदा त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. आज्या नातवंडांना न्यायला येतात तेव्हा मी प्रत्येकीच्या चालीकडं बघते, डाव्या गुडघ्याकडं बघते. अजून तरी दिसल्या नाहीत.

मॅडम, तुम्ही हे कधी वाचलंत तर. आश्रमशाळेत कामाला लागायचं तर दहावी लागते म्हणतात. बाहेरून बसता येतं, मी चौकशी केली आहे. गणित मला जमत नाही, पोराच्या पुस्तकातून रोज थोडं करते. जमेल की नाही याची मला भीती वाटते, आणि नवरा म्हणतो या वयात काय खूळ. पण मी दहावी होणार आणि आपल्या त्या शाळेच्या फाटकावर खुर्ची टाकून बसणार. माझा बाप आता थकला आहे. त्याच्यापुढं जाऊन मी सांगणार, की तुम्ही मॅडमना विचारलं होतं त्याचं उत्तर घेऊन आलेय. मी इथलीच आहे. माझी बदली कुठं करतील? मॅडम, तुमचे उपकार एका दिवसात फिटायचे नाहीत, हे मला कळतं. तिथं बसून रोज थोडे थोडे फेडीन. तेवढं होईपर्यंत तुम्ही राहा.